पाकीट तेच, माल कमी: घरसामानाचे भाव ताडताना या चुका टाळा

घरखर्चाची वही काटेकोर ठेवणाऱ्या घरातही एक गळती दिसत नाही, कारण वहीत फक्त रुपये लिहिलेले असतात. चहा एक पाकीट, बिस्किटं चार, तेल दोन पिशव्या. महिन्याचं बिल मागच्याएवढंच आलं, पण चहा मात्र चार दिवस आधी संपला. पाहुणे जास्त आले असतील, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा पाकिटातच माल कमी आलेला असतो.

हे बेकायदा नाही, ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. पूर्वी चहा, कॉफी, बिस्किटं, खाद्यतेल, दूध पावडर, साबणपूड अशा १९ प्रकारच्या मालाची पाकिटं ठरावीक मापांतच विकावी लागत. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२२ पासून ते बंधन उठलं. त्यामुळे आज ८५० ग्रॅम तेल किंवा ४८५ ग्रॅम पूड विकणारा कोणताही नियम मोडत नाही. वजन पाकिटावर छापलेलं असतं. मात्र पिशवीची उंची, रंग आणि किंमत पूर्वीसारखीच असली की आपण मागची बाजू वाचत नाही, आणि नुकसान तिथेच होतं.

तेलाची पिशवी म्हणजे एक लिटरच, असं धरून चालणं

सर्वांत जास्त पैसे इथे जातात, म्हणून जरा थांबून पाहू. दुकानात दोन पिशव्या शेजारी लटकत असतात. एकीवर १ लिटर, किंमत १५० रुपये. दुसरी दिसायला तेवढीच, किंमत १४२ रुपये. "बाय, तेल तसंच आहे, आठ रुपये कमी," असं दुकानदार सांगतो आणि त्यात त्याची काही लबाडी नसते, त्यालाही तसंच वाटत असतं. आता पिशव्या उलटून बघा. पहिलीवर लिटरच्या बाजूला ९१० ग्रॅम छापलेलं आहे, दुसरीवर ८५० ग्रॅम. १५० भागिले ९१० म्हणजे किलोला साधारण १६५ रुपये. १४२ भागिले ८५० म्हणजे किलोला १६७ रुपये. आठ रुपये वाचले असं वाटलं, प्रत्यक्षात किलोमागे दोन रुपये जास्त गेले आणि ६० ग्रॅम तेल कमी आलं. (किमती उदाहरणापुरत्या आहेत. तुमच्या दुकानातले आकडे घालून हिशेब करा.)

तेलाची तुलना नेहमी ग्रॅमवर करावी, लिटरवर नाही. तापमान वाढलं की तेल फुगतं. १ लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही कंपन्या चढं तापमान छापून लिटर भरल्याचं दाखवत, म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ ही मुदत दिली होती. म्हणजे तुलनेला लागणारा आकडा पिशवीवरच आहे, तोच वाचा.

एकक किंमत न वाचणं, किंवा अर्धवट वाचणं

ज्या दुरुस्तीने मापं मोकळी झाली, तिनेच एक चांगली गोष्टही दिली. एमआरपीच्या जवळ आता एका ग्रॅमची, मिलिलिटरची किंवा नगाची किंमत छापावी लागते. ही ओळ फार कामाची आहे, पण तिच्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण मापाची. एक किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा असतो, वरच्यावर किलोचा. ०.१८ आणि १६५ हे आकडे शेजारी ठेवले तर घाईत काहीच कळत नाही. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणा, म्हणजे ०.१८ चे किलोला १८० रुपये होतात.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. हा आकडा दशांश चिन्हानंतर दोनच घरांपर्यंत छापतात. वरच्या तेलाचंच घ्या: भाव ग्रॅमवर छापला, तर पहिली पिशवी ०.१६ दाखवेल आणि दुसरी ०.१७. वाटेल, किलोमागे दहा रुपयांचा फरक. खरा फरक दोन रुपयांचा. उलटही होतं. किलोला १५६ आणि १६४ रुपये पडणारे दोन्ही माल ०.१६ च दाखवतील. मीठ, पीठ, रवा अशा स्वस्त जिनसांत तर ही ओळ जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण ०.०३ म्हणजे किलोला २५ रुपयेही असू शकतात आणि ३४ सुद्धा. तिथे मोबाईल काढून स्वतः भागाकार करावा. चहा, कॉफी, मसाले, टूथपेस्ट अशा महाग मालात छापील आकड्यावर विसंबायला हरकत नाही.

तिसरी अडचण: ही किंमत एमआरपीवर काढलेली असते. दुकानात सूट असेल, तर हिशेब दिलेल्या पैशांवर करा.

पाच-दहा रुपयांचं पाकीट नेहमी तेवढंच असतं, असं मानणं

सुट्ट्या पैशांची सोय म्हणून या पाकिटांची किंमत सहसा हलत नाही. मग कच्चा माल महागला, कर बदलला की वजन हलतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण, टूथपेस्ट, शाम्पू, अंगाचा साबण यांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. अशा बदलानंतर काही काळ दुकानात एकाच हुकावर जुन्या आणि नव्या वजनाची पाकिटं एकत्र लटकतात. उत्पादनाचा महिना बघून वजन वाचावं. मुलांना दुकानात धाडता तेव्हा त्यांनाही हे शिकवा, ती भराभर वाचतात.

मोठं ते स्वस्तच

मोठ्या पाकिटाचा भाव बहुधा कमी असतो, पण नेहमी नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते. "२० टक्के जास्त" छापलेलं असेल, तर कशापेक्षा जास्त ते पाहा. वजन आधीच घटलेलं असेल, तर ती भर धरूनही पाकीट जुन्याएवढंच भरतं.

गोव्यात याला पावसाळ्याची बाजू आहे. मे महिन्यात पुरूमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरण्याची आपली रीत शहाणपणाची आहे: सोलां (आमसुलं), मिरच्या, सुकी मासळी, मीठ, उकडे तांदूळ. हा माल कडक उन्हात वाळलेला असतो आणि नीट झाकून ठेवला तर टिकतो. पण तोच न्याय रवा, मैदा, बेसन, बिस्किटांच्या मोठ्या पाकिटांना लावू नये. जुलैच्या दमट हवेत फोडलेलं पाच किलोचं पीठ महिन्याभरात पोरकिड्यांनी भरलं, तर किलोमागे वाचलेले चार रुपये कुठे राहिले? ज्या घरात दोनच माणसं आहेत, त्यांनी पावसाळ्यात छोटं पाकीट घ्यावं, भाव थोडा चढा असला तरी.

साबणात नुसते ग्रॅम मोजणं

अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा असतो, म्हणजे त्यात स्निग्धांश किती ते. भारतीय मानक ब्युरोच्या वर्गवारीत पहिल्या दर्जाला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६० लागतात. समजा १०० ग्रॅमच्या दोन वड्या आहेत: एक ४० रुपयांची, ७६ टक्क्यांची, दुसरी ३४ ची, ६० टक्क्यांची. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला पहिली ५३ पैसे पडते, दुसरी ५७. शिवाय कमी टीएफएमची वडी ओल्या साबणदाणीत लवकर गळते. कपडे धुण्याच्या पावडरीचा हिशेब किलोवर न करता एका धुण्याला किती चमचे लागतात त्यावर करा. आइस्क्रीम मिलिलिटरवर विकतात आणि त्यात हवा मिसळलेली असते, म्हणून डब्यावर ग्रॅम दिले असतील तर त्यांवर जा.

नगावरच्या मालाचं वजनच न करणं

पाकिटांकडे बघायला शिकलेली माणसंही नारळ आणि पाव मोजूनच घेतात. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाचा भाव रुपयारुपयाने वाढतो, पण पावाचा आकार केव्हा उतरला ते कळतही नाही. काट्यावर चार पाव ठेवा, आकडा लिहा, दोन-तीन महिन्यांनी परत ठेवा. पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसावर संशय घ्यायला हे सांगत नाही. मैदा, सरपण सगळंच महागलंय. आपला खर्च किती वाढला, ते मात्र आपल्याला माहीत असावं. गणेशचवथीच्या आधी नारळ घेताना तर हे हमखास करावं. वेगवेगळ्या आकारांचा एकेक नारळ आणून फोडा आणि खोबरं तोला. ४० रुपयांच्या नारळात २५० ग्रॅम आणि ५० रुपयांच्यात ३५० ग्रॅम निघालं, तर महागडाच स्वस्त पडला.

वजन खरंच कमी भरलं तर

इथे दोन चुका होतात: लगेच भांडण, नाहीतर अजिबात गप्प बसणं. आधी घरचा काटा तपासा. भांडं ठेवून शून्य करा आणि औषधाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजून १०० मिली पाणी ओता, काट्याने जवळपास १०० ग्रॅम दाखवायला हवं. मग माल तोला, वेष्टन धरू नका. कायद्यात थोडी सूट आहे: २०० ते ३०० ग्रॅमच्या पाकिटात ९ ग्रॅम, ३०० ते ५०० मध्ये ३ टक्के, ५०० ते १००० मध्ये १५ ग्रॅम. साबणावर "पॅक करतानाचं वजन" लिहिलेलं असतं. तो वाळून हलका होतो, म्हणून जुन्या वडीवरून तक्रार करता येत नाही.

घट या सवलतीपेक्षा जास्त असेल, तर त्याच बॅचचं न फोडलेलं दुसरं पाकीट बिलासह घेऊन ठेवा. राज्याच्या वजन आणि माप खात्याकडे तक्रार देता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करण्याआधी बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, छापील वजन आणि काट्यावरचा आकडा एका कागदावर उतरवून घ्या आणि फोडलेलं पाकीटही फेकू नका.