नळाच्या पाण्याचा नमुना घेताय? या चुका टाळा

जून संपत आला होता. तालुक्याच्या एका गावात आम्ही नळाच्या पाण्याचे नमुने तपासत होतो. तीन आठवडे प्रयोगशाळेचा शेरा एकच येत होता, ‘पिण्यास योग्य’. आणि ज्या गल्लीतून नमुने आणत होतो त्याच गल्लीत जुलाबाचे पेशंट वाढत होते. आशाताईंनी आपली वही माझ्यापुढे धरली. घर, तारीख, वय. त्यात दोन वर्षांच्या आतली चार मुलं. “मॅडम, पाणी चांगलं म्हणता, मग ही पोरं का आजारी पडतायत?”

चूक माझी होती. गावात एक दिवसाआड पाणी यायचं, पहाटे साडेपाचला. मी पोचायचे साडेसातला. पाणीपुरवठा आणि पाण्याची गुणवत्ता हाच माझ्या संशोधनाचा विषय, तरी एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती. जे पाणी मी बाटलीत भरत होते, ते लोकांनी सकाळी पहिल्यांदा भरलेलं पाणी नव्हतंच.

पुढच्या खेपेला मुक्कामच केला. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली. गल्लीतला नळ आधी नुसता फुसफुसला, मग दोन-तीन आचके दिले, मग तांबूस, गढूळ पाणी पडलं. चार-पाच मिनिटांनी ते निवळलं. जुन्या बायका हे पहिलं पाणी मोरीत ओतून देतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण पाणी जायच्या आत घरचं सगळं भरून घ्यायचं असेल, तर पहिली घागर ओतून द्यायला जीव होत नाही.

हे पहिलं पाणी नमुन्यात न घेणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबते. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होत जाते. सखल भागातले नळ उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि आत दाब उरत नाही. मग जिथे सांधा सैल आहे, जिथे कनेक्शनची पाइप गटाराला लागून गेली आहे, तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. कुणी नळाला थेट मोटार लावली तर हे ओढणं आणखी वाढतं. पुन्हा पाणी सुटलं की आत साचलेलं सगळं पहिल्या काही मिनिटांत नळाला येतं.

आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या अभियंत्यांनी नेमकं हेच मोजलं. तिथे काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि बाकी शहरात काही दिवसांआड, अशी तुलना आयतीच करता येत होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांचे जवळजवळ एक तृतीयांश नमुने ई. कोलायने, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूने, दूषित निघाले. चोवीस तास पाणी असलेल्या नळांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं.

नमुना घेण्याच्या सूचनांत ‘नळ दोन-तीन मिनिटं सोडून मग बाटली भरा’ असं लिहिलेलं असतं. टाकीतून आणि मुख्य पाइपमधून काय येतंय हे पाहायचं असेल तर ती सूचना योग्य आहे. लोकांच्या पोटात काय जातंय हे पाहायचं असेल तर तीच सूचना घात करते. म्हणून एका नळाच्या दोन बाटल्या घ्या, एक पाणी आल्या आल्या आणि दुसरी अर्ध्या तासाने. बाटलीवर फक्त तारीख लिहून भागत नाही. नळ किती वाजता सुरू झाला आणि बाटली किती वाजता भरली, दोन्ही वेळा लिहा.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात याचीच दुसरी बाजू दिसली. एप्रिल २०१४ मध्ये तिथे फ्लिंट नदीचं पाणी घेणं सुरू झालं, पण पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. सरकारी तपासणीसाठी नमुने देणाऱ्या घरांना आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवायला सांगितलं जायचं, आणि त्यामुळे शिशाचा आकडा कमी दिसायचा. व्हर्जिनिया टेकच्या मार्क एडवर्ड्‌स यांच्या चमूने २०१५ मध्ये लोकांच्या हातूनच नमुने घेतले, तेव्हा खरी पातळी समोर आली. धातू शोधायचा असेल तर रात्रभर पाइपमध्ये मुरलेलं पहिलं पाणीच हवं. तिथे नळाची जाळीसुद्धा काढायची नाही. जंतूंसाठी मात्र जाळी आणि रबरी नळी काढून टाकायची.

बाटलीच्या चुका छोट्या, पण अहवाल उलटा करणाऱ्या. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, तळाशी थेंबभर किंवा चिमूटभर. ते पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथे मारतं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि नमुना खोटाच चांगला येतो. आपल्याकडे कुठलंही भांडं आधी विसळून घ्यायची सवय इतकी पक्की आहे की शिकलेली मुलंसुद्धा ही बाटली विसळतात आणि थायोसल्फेट मोरीत जातं. विसळू नका. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली वापरू नका. काठोकाठ भरू नका, हलवायला जागा ठेवा. बर्फाच्या डब्यातून न्या, शक्यतो सहा तासांत आणि काही झालं तरी चोवीस तासांच्या आत.

क्लोरीन मात्र जागेवरच मोजायचं. त्यासाठी भरलेली बाटली कार्यालयात नेऊन चहा झाल्यावर तपासली तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवं. त्यासाठी गावोगाव अजून ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या द्रावणाची टेस्ट चालते. थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. पाच मिनिटं थांबलात तर अमोनियाशी बांधलं गेलेलं क्लोरीनही रंग देतं, आणि त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. सांडपाणी शिरलं की पाण्यात अमोनिया येतो. म्हणजे उशिरा वाचलेली ओटी नेमकी तिथेच फसवते जिथे गटार मिसळतंय. क्लोरीन मोजायची दुसरी टेस्ट, गुलाबी रंगाची डीपीडी, वेगळ्या प्रकारे फसवते. क्लोरीन फारच जास्त असेल तर ती रंग उडवून ‘शून्य’ दाखवते. टाकी नुकतीच भरली आहे, वासही येतोय आणि किट शून्य म्हणतंय, तर आणखी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतू नका. क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून नमुना पातळ करा आणि पुन्हा पाहा.

टीसीएलचा हिशेब अंदाजाने करू नका. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण जलसुरक्षकांना पाठ असतं. ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. पण पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम मिळतं. तीच गोणी तोंड उघडी ठेवून पावसाळी खोलीत पडली आणि १५ टक्क्यांवर आली, तर उरतं ०.७५. गढूळ पाणी तेवढं टाकीतच खाऊन टाकतं, शेवटच्या घराला काहीच पोचत नाही. म्हणून पावसाळ्यात आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग क्लोरीन. पावडर कोरडी टाकीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली भरायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. मग किमान अर्धा तास तरी थांबायचं.

टीडीएस मीटरबद्दल एवढंच, की तो विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत.

आता आकडे हातात आल्यावर. टाकीवरच नमुना खराब असेल तर गल्लीत खोदकाम करण्यात अर्थ नाही, स्रोत आणि टीसीएल पाहा. टाकीवर क्लोरीन ०.५ आणि टोकाच्या घरी शून्य, पण जंतू नाहीत, तर लांब पाइपमध्ये क्लोरीन संपतंय. पहिली बाटली खराब आणि दुसरी चांगली, तर बंद काळात बाहेरचं पाणी शिरतंय. दोन्ही खराब आणि शेजारचं घर ठीक, तर त्या घराचं कनेक्शन तपासा. यासाठी नमुने टाकीजवळच्या सोयीच्या घरातून न घेता शेवटच्या टोकाला आणि सखल भागात घ्यायला हवेत.

आमच्या गल्लीत पहिली बाटली खराब, दुसरी चांगली असं आठ घरांपैकी सहा घरांत आलं. ती सहाही घरं एकाच व्हॉल्व्हच्या खालची होती. चेंबरचं झाकण उचललं तर आत गटाराचं पाणी काठोकाठ, आणि व्हॉल्व्हचं पॅकिंग झिजलेलं. पाणी सुरू असताना तिथून बारीक धार बाहेर उडायची. बंद झालं की तीच वाट उलटी चालायची. पॅकिंग बदललं, चेंबर उपसून उंच बांधून घेतला, आणि दोन आठवड्यांनी पहाटेच्या पहिल्या बाटल्याही स्वच्छ आल्या.

आशाताईंच्या वहीत तरी दोन नावं वाढली होती. त्या घरी नळासोबत माठाचाही नमुना घेतला. नळ स्वच्छ, माठात ई. कोलाय. मूल रांगतं होतं, माठ जमिनीवर होता आणि पेला हातासकट आत जात होता. माठ आता तिवईवर आहे, शेजारी खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं टांगलंय. पुढचा नमुना गुरुवारी पहाटे, नळाचा आणि माठाचा.