प्रवाळ मोजायला अंदमानला जाताना

मालवण-तारकर्लीला स्कुबा करून आलेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, की आता अंदमानच्या एखाद्या बेटावर स्वयंसेवक म्हणून प्रवाळांच्या कामाला जाता येईल का? जरूर येईल. पण मालवणला तुमच्या सिलिंडरला मागून इन्स्ट्रक्टरने धरलेलं होतं, किती खोल जायचं ते तोच ठरवत होता आणि हवेच्या काट्यावर नजरही त्याचीच होती. कामावर गेल्यावर हे सगळं तुमच्याकडे येतं, आणि वर हातात पाटी, पेन्सिल आणि मोजायची टेप असते. म्हणून नव्याने जाणाऱ्यांना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते: पाण्यात कशालाही हात न लावता जागच्या जागी थांबता आलं पाहिजे. हे जमलं की बाकीचं काम शिकता येतं. हे जमलं नाही, तर ज्या प्रवाळासाठी गेलात तेच तुमच्या फिनने, म्हणजे पायात घातलेल्या वल्ह्याने, मोडतं.

तयारी घरीच सुरू करा. पाडी ही डायव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगत राहणं लागतं. वेळेचं बंधन नाही, स्टाइलही कुठलीही चालते, त्यामुळे गावातल्या तलावात महिना-दोन महिने नियमित गेलात तर काळजी नको. दुसरं म्हणजे आरोग्याचा फॉर्म. दमा, सायनस, कानाचा जुना त्रास, फिट्स, हृदयविकार असं काहीही असेल तर ते खरं लिहा आणि निघण्यापूर्वीच डॉक्टरांची सही घ्या. बेटावर पोचल्यावर कळलं तर पैसे भरूनही किनाऱ्यावर बसावं लागतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क करून घ्या, मासे ओळखायचे आहेत.

कोर्समधलं शास्त्र थोडकं आहे, पण ते नीट पचवा. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा 1 वातावरण दाब असतो आणि दर 10 मीटरला त्यात साधारण तेवढीच भर पडते. 10 मीटरवर फुप्फुसं भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट होऊ पाहते. श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचं, हे दोन नियम यातूनच आले आहेत. कान मात्र खाली जाताना सांभाळायचे. दुखायला लागल्यावर नाही, त्याआधीच नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, कितीही वाईट वाटलं तरी. ओपन वॉटर झालं की 18 मीटरपर्यंत जाता येतं, आणि प्रवाळगणतीचं बहुतेक काम त्याहून उथळ पाण्यातच असतं.

आता स्थिर राहण्याबद्दल. नवा माणूस कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं बांधतो, त्यामुळे बुडायला लागतो. मग अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरतो, वर उचलला जातो, हवा सोडतो, परत खाली. या चढउतारात पाय खाली लोंबतात आणि वाळूचा लोट उठतो. आधी वजन कमी करून घ्या. मग आडवे व्हा आणि फक्त श्वासावर काम करा. श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की खाली जातं, पण लगेच नाही, क्षणभराने. त्या उशिराचा अंदाज येईपर्यंत वाळूच्या तळावरच सराव करायचा, प्रवाळाजवळ जायचं नाही. चांगला इन्स्ट्रक्टर हेच करायला लावतो आणि त्याचा कंटाळा येऊ देत नाही. गोलसर दगडासारखं दिसणारं पोराइटिस नावाचं प्रवाळ वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतं. माणसाच्या उंचीचा गोळा शंभरहून अधिक वर्षांचा असतो. त्याच्या शेजारी पाय कुठे आहेत याचं भान नसेल तर तिथे जायचा आपल्याला अधिकारच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष गणतीची रीफ चेक ही पद्धत जगभर वापरतात. 1997 पासून तिचे सर्वेक्षण सुरू आहेत आणि ती मुद्दाम स्वयंसेवकांसाठीच आखलेली आहे. एकाच खोलीवर 100 मीटरची टेप अंथरायची. तिच्यावर 20 मीटरचे चार तुकडे, मध्ये 5-5 मीटर मोकळे. टेप लावल्यावर बिथरलेले मासे परत येईपर्यंत 15 मिनिटं थांबायचं, मग आधी मासे, नंतर शंख-शिंपले, समुद्रकाकड्या, सी-अर्चिन, आणि शेवटी तळ. तळाचं काम मला सर्वांत आवडतं. दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट टेपच्या दर अर्ध्या मीटरला खाली सोडायचा आणि तो ज्याला टेकला ते लिहायचं: कडक प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, स्पंज, दगड, वाळू. असे 160 बिंदू. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा 15 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो रबल, मोठा असेल तर दगड. पाणी तापल्यामुळे पांढरं पडलेलं प्रवाळ पाहून पोटात गोळा येतो, पण ते अजून जिवंत असतं आणि जिवंतातच मोजायचं. पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरू शकतं. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असं पांढरं पडलं होतं, 2016 मध्ये पुन्हा तेच झालं. दोन खेपांच्या मध्ये किती सावरलं हे सांगायला दरवर्षी त्याच जागी केलेली कंटाळवाणी गणतीच लागते.

माशांच्या बाबतीत कोकणी माणसाला थोडा फायदा आहे, गोब्रा आणि तांबोशी बाजारात पाहिलेले असतात. पण पाण्यात वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी दिसते, आणि गोब्रा 30 सेंटिमीटरहून मोठा असेल तरच मोजायचा असतो. त्यासाठी ठरावीक लांबीचे पाइपचे तुकडे पाण्यात धरून अंदाज बांधायचा सराव देतात. तुमचे आकडे जाणत्या सर्वेक्षकाच्या आकड्यांशी जुळेपर्यंत ते नोंदीत धरत नाहीत. याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट जिथे अशी परीक्षा घेतच नाहीत, तिथे जायचं का याचा विचार करा.

बेटावर सूर्य लवकर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला मावळायलाही लागतो, म्हणून दिवस पहाटेच सुरू होतो. पाण्याखाली तास-दीड तास. बाकी वेळ सिलिंडर वाहणं, डुंगीत, म्हणजे छोट्या होडीत, सामान चढवणं-उतरवणं, श्वास घ्यायचा रेग्युलेटर गोड्या पाण्याने धुणं, स्वयंपाकाला हात लावणं आणि आकडे संगणकात भरणं. आकडे त्याच दिवशी भरावेत. पाटीवरचं अक्षर दुसऱ्या दिवशी आपलं आपल्यालाच लागत नाही. वाळूमाश्या चावतात, मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारा. आकडे पुढे कोणाला देता? गेल्या वर्षीचा अहवाल दाखवाल का? वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान असो की दुसरं संरक्षित क्षेत्र, सर्वेक्षणाला वनखात्याची परवानगी आहे का? एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकाऊ? पाडीचा नियम मदतनिसाशिवाय 8 जणांपर्यंत मुभा देतो, पण चारच असतील तर शिकणं फार वेगळं होतं. फीमध्ये कोर्स, सामान, जेवण यातलं काय काय येतं? प्रवासाच्या साध्या विम्यात डायव्हिंग बहुधा नसतं, तो वेगळा घ्यावा लागतो. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा बॅगेत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. शेवटच्या डायव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्या, म्हणजे परतीचं तिकीट काढतानाच एक कोरडा दिवस धरा.

याच क्षेत्रात राहायचं असेल तर दोन वाटा आहेत. डायव्हिंगची वाट धरली तर पुढे डाइव्हमास्टर, म्हणजे व्यावसायिक डायव्हरची पहिली पायरी, त्याला 18 वर्षं पूर्ण आणि 60 नोंदलेले डायव्ह लागतात. संशोधनाची वाट धरली तर पदवी लागतेच: पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, मुंबईत वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिथे अर्ज करताना नुसत्या सर्टिफिकेटपेक्षा तुम्ही स्वतः भरलेले सर्वेक्षणाचे तक्ते आणि डायव्हची वही सोबत जोडा. आणि सिंधुदुर्गातल्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. अंदमानात शिकलेली टेप तिथेही अंथरता येते, पण परवानगी घेऊन.