मनगटातील दबलेली नस : पट्टा आधी, शस्त्रक्रिया नंतर

वडगाव, शहापूर, खासबाग या बेळगावच्या भागांत मागावर काम करणाऱ्यांना रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल आणि करंगळी वगळून अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटातील मध्य नस (या बोटांना संवेदना देणारा मज्जातंतू) दबली असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी मनगट सरळ ठेवणारा पट्टा रोज झोपताना किमान ६ आठवडे बांधावा. दिवसभर आवळून ठेवण्यापेक्षा रात्रीचा हा नेमच अधिक उपयोगी पडतो, कारण झोपेत मनगट नकळत दुमडते आणि नसेवरचा दाब वाढतो. जोरात चोळून घेण्याचा आग्रह मात्र टाळावा. मधुमेह व थायरॉइडच्या विकारांतही ही नस दबू शकते, म्हणून त्यांची तपासणीही करून घ्यावी. गरोदरपणात होणारा हा त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. पट्ट्याने भागले नाही, तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते महिने आराम मिळू शकतो. परंतु अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खपाटीला गेला असेल किंवा बधिरपणा सतत राहत असेल, तर थांबू नये. नसेवरील अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) कापून तिला मोकळी करणारी छोटी शस्त्रक्रिया बहुधा त्याच दिवशी घरी सोडण्याजोगी असते, मात्र मुठीतील जोर परतायला २ ते ३ महिने, कधी त्याहून अधिक लागतात.