कुंडीतलं कागदी लिंबू: कुंडी, पाणी, ताण

बियांपासून केलेलं रोप फळावर यायला ४-५ वर्षं लावतं. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) किंवा डोळा भरलेलं कलम (दुसऱ्या रोपावर लिंबाचा डोळा बसवून केलेलं) दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लिंबं देतं, म्हणून कुंडीसाठी कलमच आणा. साई सरबती हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण मिळाला तर उत्तम.

आधी १२ इंची कुंडी, वर्ष-दीड वर्षाने १८ इंची. चिमुकलं रोप थेट मोठ्या कुंडीत बसवलं की मुळं न पोचलेली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. २ भाग लाल माती, १ भाग चाळलेलं जुनं शेणखत, अर्धा-अर्धा भाग कोकोपीट आणि जाड वाळू, वर २ मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको. ती सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते, वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं, झाड प्यायलं! असं झालंच तर अर्धा तास कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवा. डोळा भरलेल्या कलमाचा जोड मातीच्या २ इंच वर हवा. त्याखालची फूट दिसताच काढा.

ऊन किमान ६ तास. पाणी घड्याळ बघून नाही, बोट बघून: दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच, आणि भोकातून निथळेपर्यंत.

झाड हिरवंगार पण फूल नाही, ही नेहमीची तक्रार. फुलावर यावं म्हणून दोन वर्षांवरच्या झाडाला डिसेंबरअखेर पाणी तोडून ताण द्या. सकाळीही पानं मलूल दिसली की ताण पुरे. पहिलं पाणी हलकं, मग नेहमीसारखं, सोबत शेणखत. पुष्कळ फुलं गळतात, ते चालायचंच.

नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह कमी पडतंय. बहुधा बोअरच्या जड पाण्याचा प्रताप. चिलेटेड (झाडाला सहज घेता येतील अशा रूपातली) सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मात्रेत फवारा.

पानावर पक्ष्याची विष्ठा वाटते ती बरेचदा फुलपाखराची अळी असते. डिवचली की नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते; हातानेच वेचा. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब, फवारणी संध्याकाळी. हिची हयगय करू नका, कारण तिने केलेल्या जखमांतून पावसात खैऱ्या रोग (पानांवर-फळांवर खरबरीत तपकिरी ठिपके) सहज शिरतो.

लिंबू ओढून तोडू नका, देठाशी साल फाटते आणि तिथून लवकर सडतं. कात्रीने देठ ठेवून कापा.