भिंतीची ओल गेली, पण रंगाने नाही

राजापूरजवळच्या आमच्या जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घराची डागडुजी मी स्वतःच करायला घेतली. माजघराच्या भिंतीला गुडघाभर ओल, पोपडे आणि पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. पहिल्या वर्षी शहाणपणा केला. पोपडे खरवडून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. श्रावणात सगळा रंग फुगून सुटला.

शेजारचे आबा म्हणाले, “अरे, रंग कसले मारतोस? पाणी येतंय कुठून ते बघितलंस काय?”

बघितलं. मागच्या बाजूला वर्षानुवर्षं माती साचून अंगण जोत्याच्या वर आलं होतं. पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीत. जांभा सच्छिद्र, तो पाणी ओढणारच. वर सिमेंटचा गिलावा, म्हणजे बाहेर पडायला वाट नाही.

मार्चमध्ये माती जोत्याखाली वीतभर जाईपर्यंत खणली, उतार देऊन गटार काढलं. (पाठीचं काय झालं ते विचारू नका.) सिमेंट छिन्नीने उडवलं, भिंत महिनाभर उघडी ठेवली. मग 3 आठवडे मुरवलेला चुना 1 भाग, चाळलेली वाळू 3 भाग, असे दोन पातळ थर. चुना घाईने वाळला तर तडकतो, म्हणून आठवडाभर ओली गोणपाटं लावली. हा चुना करायला चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे, पाण्यात विरवताना पाणी अक्षरशः उकळतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच. वर चुन्याचीच सफेदी.

यंदा आषाढात खालचा वीतभर पट्टा ओलसर झाला, दिवाळीपर्यंत सुकला. पोपडा एकही नाही. आता कौलांखालच्या रिपांना वाळवी दिसतेय.