बीपीवरचं नवं संशोधन चिठ्ठीत उतरवताना या चुका टाळा

'आता टार्गेट १२०' हे वाक्य परिषदांमध्ये आणि औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या (एमआर) तोंडून फॅमिली डॉक्टर सतत ऐकतात. त्याचा उगम अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत आहे. वरचा बीपी १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवला, तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना आणि मृत्यू कमी होतात, असं २०१५ साली तिने दाखवलं. निष्कर्ष भक्कम आहे. गडबड होते ती आकडा उचलून मोजण्याची पद्धत मागे ठेवल्यामुळे.

स्प्रिंटमध्ये रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा बीपी घेऊन सरासरी काढली होती. आपल्याकडे जिना चढून आलेला माणूस स्टुलावर टेकतो, बोलत असतानाच दंडाला कफ (यंत्राचा पट्टा) गुंडाळला जातो आणि हात मांडीवर असतो. हात कुठे आहे याने किती फरक पडतो, हे जॉन्स हॉपकिन्सच्या २०२४च्या अभ्यासाने १३३ जणांवर मोजलं. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा सुमारे ४ने जास्त आला, तर बाजूला लोंबत्या हाताने साडेसहाने. असा एकच आकडा धरून १२०चा पाठलाग केला, तर म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन खुबा मोडायचा धोका आपणच ओढवून घेतो. स्प्रिंटमध्येही बीपी फार उतरणं, बेशुद्ध पडणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं हे कडक उपचारांच्या गटातच जास्त दिसलं होतं.

म्हणून बीपी आटोक्यात येत नसेल, तर तिसरी गोळी लिहिण्याआधी पाठ आणि दंड टेकवून, कफ दंडाच्या मापाचा निवडून पुन्हा मोजा. मग गोळ्यांची रिकामी पाकिटं मागा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखी बीपी वाढवणारी वेदनाशामक गोळी चालू आहे का, हे नाव घेऊन विचारा. मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी रुग्णाच्या हिशेबात 'औषध' नसते, त्यामुळे ती आपणहून कोणी सांगत नाही. घरी मोजलेले आठवडाभराचे आकडे मिळाले तर उत्तमच.

चाचणीत कोण नव्हतं, हे न पाहणं ही दुसरी मोठी चूक. स्प्रिंटमधून मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण वगळले होते. मधुमेह्यांबद्दलचा पुरावा पुढे २०२४ साली चीनमधल्या बीप्रोड चाचणीतून आला. १२,८२१ रुग्णांत १२०च्या खालचं लक्ष्य फायद्याचं ठरलं, पण बीपी फार उतरणं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढणं हेही त्या गटात जास्त आढळलं. लक्ष्य खाली आणायचं असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि पोटॅशियमची तपासणी सोडू नका. वयस्कांचा बीपी उभं करूनही घ्या.

एका चमकदार निकालावर सगळ्यांच्या गोळ्यांची वेळ बदलणं हीसुद्धा घाईच. स्पेनमधल्या हायजिया अभ्यासाने २०१९ साली, रात्री गोळी घेतल्यास हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना जवळजवळ निम्म्या होतात असा दावा केला. ब्रिटनच्या टाइम चाचणीत २०२२ साली २१,१०४ रुग्णांमध्ये सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक दिसला नाही. रुग्ण जी वेळ विसरणार नाही, ती ठेवा.

'बीपीच्या गोळ्यांचं अमुकच कॉम्बिनेशन भारतीयांना लागू पडतं' हा आग्रहही सोडायला हवा. आपल्याच देशातल्या टॉपस्पिन चाचणीत (२०२४) अॅम्लोडिपिन, पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड यांच्या तिन्ही जोड्या १,९८१ रुग्णांवर सारख्याच ठरल्या. सहा महिन्यांत जवळपास ७० टक्क्यांचा बीपी १४०/९०च्या खाली आला. माझ्या मते आपल्यासाठी गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत उपयोगाचा निकाल आहे. रुग्णाच्या खिशाला झेपेल आणि गावात मिळेल ती जोडी निर्धास्त लिहा.

बीपीच्या चिठ्ठीत सवयीने येणारी अॅस्पिरिनही तपासा. २०१८च्या अॅस्प्री चाचणीत हृदयविकार नसलेल्या ज्येष्ठांना तिचा फायदा झाला नाही आणि गंभीर रक्तस्राव वाढला. मात्र स्टेंट बसवलेल्या किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला हा निकाल लागू नाही, त्याची अॅस्पिरिन परस्पर बंद करू नका.