जंगलाकडचा बांध आधी मोकळा करा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला येऊर, आरेतले पाडे, घोडबंदरकडचं चेने, सगळीकडे हळवं (लवकर येणारं) भात निसवलंय, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यात, आणि गरवं (उशिरा येणारं) पोटरीत आहे, लोंबी अजून आतच आहे. परतीचा पाऊस कधीही गाठेल. बाकीची कामं दोन दिवस मागे ठेवा आणि जंगलाच्या बाजूच्या बांधावरचं गवत, घाणेरी, वेली मुळापासून कापून काढा. पार्काच्या कडेला ज्यांचं भात रानडुकरांपायी गेलेलं मी पाहिलंय, त्यातल्या बहुतेकांचा हाच बांध आवणीनंतर (लावणीनंतर) कापायचा राहिलेला होता.

वाकून पाहा, म्हणजे पटेल. वाढलेल्या गवतात गुडघ्याएवढ्या उंचीचा बोगदा दिसतो, आतली माती तुडवून गुळगुळीत झालेली, काटेरी फांदीला राठ काळे केस अडकलेले. ही रानडुकरांची वाट. ती थेट तुमच्या खाचरात उतरते. डुक्कर खातो त्याहून जास्त लोळून नासतो. पावसाने आडवं पडलेलं भात तर त्याला आयतंच मिळतं. उघड्या जागेतून यायला मात्र तो बिचकतो. शेताच्या कडेने आठ-दहा हात पट्टा मोकळा असला की त्याचं येणं कमी होतं, हा माझा अंदाज आहे, पण दरवर्षी खरा ठरलेला. बिबट्याचा वावर असलेल्या बाजूला डुकरांचा त्रास कमी असतो, असंही जुनी वारली माणसं सांगतात आणि मला ते पटतं.

लोंबीवरच्या ढेकण्याही (रस शोषणारे किडे) याच गवतावर वाढतात. दाणे दुधात असताना त्या रस शोषतात आणि लोंबी पळींज, म्हणजे पोकळ दाण्यांची, होते. औषध शोधण्याआधी बांध बघा.

कोयता कुठवर चालवायचा हे नीट समजून घ्या. तुमचा बांध तुमचा, पण हद्दीच्या खांबापलीकडची काडीही तोडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय गवत-सरपण काढता येत नाही, गुरं चारता येत नाहीत. पूर्वी पाड्यातली माणसं छपराला आणि गुरांना तिथलंच गवत आणायची, त्यामुळे कड आपोआप मोकळी राहायची. आता पार्कवाले म्हणतात गवत आमचं, शेतकरी म्हणतो मग डुक्करही तुमचंच, आणि बांध तसाच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: हद्दीपलीकडचा पट्टा वनखात्याने स्वतः कापावा, नाहीतर पाड्याला कापायची परवानगी द्यावी. तोंडी बोलून उपयोग नाही. पाच-सहा शेतकऱ्यांनी सह्या करून वनरक्षकाकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या.

दुकानदार या दिवसांत हटकून वासाची औषधं, आवाजाची यंत्रं गळ्यात मारतो. दोन-चार रात्री फरक पडतो, मग डुक्कर सरावतो. पैसे घालवू नका. फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या बांधावर टांगणं तर पूर्ण बंद करा, त्यावर 2020 अखेरपासून बंदी आहे आणि ते विष माणसालाही मारतं. तारेत घरची वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारीच त्यात सापडतो.

जागल (रात्रीची राखण) करायची तर जमिनीवर बसून नको, शेतातल्या उंच माळ्यावर बसा, दोघं-तिघं मिळून. बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. अंधारात एकट्या मुलाला बाहेर सोडू नका. कोंबडीची घाण, उष्टं शेताजवळ टाकलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो दिसला तर गर्दी करू नका, 1926 या क्रमांकावर फोन करून वनखात्याला कळवा.

बाकीची कामं:
– ढेकण्या दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी.
– लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी चौरस मीटरला 4 ते 5 दिसल्या की लगेच उपाय. तयार भात उभं ठेवू नका.
– कापणीआधी 8-10 दिवस खाचरातलं पाणी काढा.
– दाणे 90 टक्के पिकले की कापणी. वाघबारशीची (दिवाळीच्या तोंडावरच्या वाघदेवाच्या सणाची) वाट बघत हळवं उभं ठेवू नका.
– काकडी, शिराळी कोवळी असतानाच तोडा, माकडांच्या आधी.

एवढं करूनही नुकसान झालं, तर तुडवलेलं भात गुरांसाठी लगेच कापून नेऊ नका. हळहळून माणूस तेच करतो आणि पंचनाम्याला काही उरत नाही. फोटो काढा, पावलांचे ठसे झाकून ठेवा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, सातबारा किंवा वनपट्ट्याच्या (वनहक्कात मिळालेल्या जमिनीच्या कागदाच्या) प्रतीसह. ज्यांचा वनहक्काचा दावा अजून लटकलेला आहे, त्यांची अडचण मोठी आहे, कारण कागदाशिवाय भरपाई अडते. त्यांनीही अर्ज द्यावाच, दाव्याची पावती जोडावी. वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसतो हे सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा पीक होतं हे दाखवणारा वनखात्याच्या शिक्क्याचा प्रत्येक कागद जपून ठेवलेला बरा.